पेन्सिलीचे आकडे

“‘पहिली आवृत्ती, न वापरलेली, अगदी नव्यासारखी’ म्हणे! बॅरी, या बाईला डोळे आहेत की बटणं?”

एड्रियन लम्बनं फोन खांद्यानं कानाशी दाबून धरला होता. दोन्ही हातांत पांढरे सुती हातमोजे होते आणि मोज्यांत ते पुस्तक.

“काय निघालं?” पलीकडून बॅरीनं विचारलं.

“तिसरं मुद्रण! आणि पहिल्या पानावर पेन्सिलीनं आकडेच आकडे. कुण्या खाणकामगाराच्या पोरानं बरबटून ठेवलंय.”

“मग दे पाठवून परत.”

“देतो की! आधी हिला चांगली सोलतो.”

इंग्लंडमधल्या डॉन्कास्टरच्या नगरपालिकेत, गाड्यांच्या दंडाविरुद्ध आलेले अर्ज फेटाळणं हे एड्रियनचं बावीस वर्षांचं काम. लोकांच्या चुका काढायच्या आणि वर पगार घ्यायचा, असं भाग्य किती जणांच्या कपाळी असतं? संध्याकाळी तेच काम हा गृहस्थ हौसेनं, फुकट करायचा. ‘धुक्यातले किल्ले’ नावाच्या खेळपुस्तकांचे बेचाळीस भाग त्यानं जमवले होते. यात वाचणाराच नायक असतो. फासे टाकायचे, आपलं बळ आणि नशीब पहिल्या पानावरच्या तक्त्यात मांडायचं, राक्षसाशी लढायचं की पळायचं ते ठरवून सांगितलेल्या परिच्छेदावर उडी मारायची. पोरांनी ही पुस्तकं खेळून खेळून चिंध्या केली. एड्रियनच्या जातीची माणसं मात्र ती खेळत नाहीत. कणा मोडेल म्हणून धड उघडतसुद्धा नाहीत. तक्ता कोरा दिसला की यांना देव भेटतो.

त्याला फक्त एकोणिसावा भाग तेवढा कोऱ्या तक्त्याचा मिळाला नव्हता, आणि येत्या शनिवारी संग्राहकांच्या मेळाव्यात सगळी मालिका मांडून, असाच संग्रह करणाऱ्या बॅरीचं नाक कापायचं होतं. म्हणून तर हे पुस्तक ऑनलाइन लिलावात चढी बोली लावून घेतलं होतं.

त्यानं विकणाऱ्या बाईला पानभर खरमरीत पत्र धाडलं. तासाभरात उत्तर आलं. ‘चुकलंच हो माझं. मला यातलं ओ की ठो कळत नाही. दुसऱ्या कुणाची जाहिरात बघून तसंच उतरवलं. पुस्तक परत पाठवा, पैसे देते. जनीन ओल्डरॉइड.’

परत पाठवायचं त्याच्या मनात होतं कुठं? पेन्सिल काय, खोडता येते. त्यानं कळवलं, निम्मे पैसे परत करा, पुस्तक मी ठेवून घेतो, वाईट शेराही देणार नाही. बाईनं लगेच निम्मे पैसे पाठवले.

“गाढव,” एड्रियन समाधानानं म्हणाला.

रविवारी दुपारी तो मोजे चढवून स्वयंपाकघराच्या टेबलाशी खोडरबर घेऊन बसला. या एका कामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, हे मान्य करायला हवं. मऊ रबर, हलका हात, एकाच दिशेनं. आकडे पोराचे नव्हते, मोठ्या माणसाचे होते. आठ म्हणजे एकावर एक ठेवलेले दोन वेडेवाकडे गोल. कडेला लिहिलं होतं, ‘आज क्रेगनं राक्षस मारला.’

“घोडा झाला तरी अक्षर कोंबडीच्या पायाचं,” असं म्हणून त्यानं तेही खोडलं. तासाभरात पान लख्ख झालं.

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. दारात पन्नाशी उलटलेली, बसनं आलेली, दमलेली बाई उभी होती. हातात कागदात गुंडाळलेला आल्याचा केक.

“मी जनीन. पुस्तकवाली. तुमचा पत्ता पार्सलसाठी दिला होता ना तुम्ही.”

“हे बघा बाई,” एड्रियननं तिला आत घेत सुरुवात केली, “मुद्रण वेगळं आणि आवृत्ती वेगळी. माहीत नसेल तर माणसानं विकायच्या भानगडीत पडू नये.” आणि पाच मिनिटं त्यानं तिची शाळा घेतली. तिनं बिचारीनं मान खाली घालून सगळं ऐकलं.

“खरंय तुमचं. उरलेले पैसेही आणलेत मी. पुस्तक तेवढं परत द्या.”

“का?”

“माझ्या भावाचं आहे ते, क्रेगचं. ट्रक चालवतो तो. माळा आवरताना मी विकून टाकलं. काल आला आणि म्हणाला, अगं, त्यात बाबांचं अक्षर होतं. खाणकामगारांच्या संपाच्या वर्षी बाबांची खाण बंद, घरात शेगडीला कोळसा नाही. दोघं एका गोधडीत बसायचे. हा वाचायचा, बाबा फासे टाकून आकडे मांडायचे. बाबांना कधी लिहायची वेळच आली नाही हो. सह्या सोडल्या तर त्यांचं तेवढंच मागे राहिलं होतं.” तिनं डोळे पुसले. “ओरडला असता तर परवडलं असतं. तो जेवलाच नाही.”

पुस्तक टेबलावरच होतं. तिला ते दिसलं. तिनं ते उचलून सरळ सताड उघडलं, कणा कडकन वाजला, आणि अशा वेळीसुद्धा एड्रियनचा हात पुढे झाला तो त्या कण्यासाठी.

“हे ते नाही,” ती म्हणाली.

हो म्हणाला असता तर सुटला असता. बावीस वर्षांत अशी शंभर उत्तरं त्याच्या जिभेवर तयार होती.

“तेच आहे. मी खोडलं.”

तिनं पान खिडकीशी नेलं, डोळ्यांजवळ धरलं, बोट फिरवून पाहिलं.

“छान खोडलंय हो तुम्ही,” ती म्हणाली. “काही म्हणता काही राहिलं नाही.”

टोमणा असता तर त्यानं परतवला असता. तो टोमणा नव्हता.

“घेऊन जा. पैसे नकोत,” एड्रियन पुटपुटला.

“काय करू नेऊन? जाहिरातीत लिहिलं होतं तसं झालंय आता. ठेवा तुम्हालाच.”

पुस्तक तिनं खाली ठेवलं. मग केक काढून बशीत ठेवला, त्याचा कागद टेबलाच्या कडेला धरला आणि खोडरबराचा तो करडा भुसा हातानं हळूहळू त्यात ओढून घेतला. फटीत अडकलेला कण नखानं काढला. चार घड्या घालून पुडी पर्समध्ये ठेवली.

तिची बस यायला अजून अर्धा तास होता. ती समोरच्या थांब्यावर पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी राहिली. एड्रियन खिडकीत होता. हातातले मोजे काढायचं त्याला सुचलं नाही.