काठोकाठ वाटी

चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेल्या म्हाताऱ्याचे हात आता कापत. घरी सून त्याच्या ताटाखाली वर्तमानपत्र पसरायची, रश्श्याची वाटी अर्धीच भरायची आणि मुलगा सांडतंय का ते बघत बसायचा. याला काळजी म्हणायचं, तर पहारा कशाला म्हणायचं?

त्या दुपारी तो थाप मारून बाहेर पडला आणि 'घरगुती जेवण' अशी पाटी असलेल्या खानावळीत भिंतीकडे तोंड करून एकटाच बसला. मालकीणबाईंनी वाटी काठोकाठ भरून ठेवली. त्यानं ती उचलताच निम्मा रस्सा टेबलावर सांडला. म्हातारा चोरासारखा आक्रसला.

बाई फडकं घेऊन आल्या. "काका, मघाशी एका पैलवानानं पाण्याचा अख्खा जग लवंडला. तुमचं तर काहीच नाही."

"माझे हात कापतात," तो म्हणाला. वर्षभरात पहिल्यांदाच त्यानं हे स्वतःच्या तोंडानं सांगितलं.

"मग सावकाश जेवा. मागे कोण लागलंय?"

बाईंनी टेबल पुसलं आणि वाटी पुन्हा काठोकाठ भरली. म्हातारा उठून समोरच्या खुर्चीत, लोकांकडे तोंड करून बसला आणि सांडत सांडत पोटभर जेवला.