फाट्यावरचा खांब
आमच्या सायकलवाल्यांच्या टोळीचा एक नियम आहे. रस्ता जिथे फुटतो तिथे जो सगळ्यात आधी पोहोचेल त्यानं थांबायचं आणि शेवटचा माणूस वळेपर्यंत जागचं हलायचं नाही. अशा माणसाला आम्ही खांब म्हणतो. फाट्यावर खांब दिसला की तो हात करेल तिकडे वळायचं, खांब नसेल तर सरळ जायचं. इतकं साधं काम आहे. डोंगरातल्या सहलीच्या पाचव्या दिवशी मला ते जमलं नाही, आणि त्यानंतर मी जे केलं ते तर सांगायचीही लाज वाटते. तरी सांगतो.

आम्ही अकरा जण होतो. घाटाचा रस्ता अरुंद म्हणून सामानाची गाडी त्या दिवशी खालच्या हमरस्त्यानं परस्पर मुक्कामी गेली होती. सगळ्यांच्या मागे माझी ताई. वय साठ, सायकल शिकून झालेली चार वर्षं. सहलीला तिला मीच आग्रह करून आणलं होतं, आणि पहिल्याच दिवसापासून मलाच तिची लाज वाटत होती. चढ आला की ती उतरून सायकल ढकलत चालायची, वाटेतल्या गुराख्यांशी बोलत बसायची, आणि पुढे सगळे मला विचारायचे, "ताईसाहेब कुठवर आल्या?" मी हसायचो, पण आतून जळफळाट व्हायचा. माणूस एकोणपन्नास वर्षांचा झाला तरी त्याची ओळख काय, तर मागे राहिलेल्या बाईचा भाऊ.

त्या दिवशी मात्र माझे पाय असे काही चालले की मोठ्या चढानंतरच्या फाट्यावर मी पहिला. शाबासकी मिळायच्या ऐवजी खांब झालो. एकेक जण येत गेला, मी डावीकडे हात करत गेलो. नववे आले हेडमास्तर, म्हणजे खरोखरचे, निवृत्त झालेले. ताई मागे चालत येतेय, म्हणाले, आणि वळून गेले.

मग मी पंचवीस मिनिटं उभा होतो. घामानं भिजलेला शर्ट वाऱ्यानं गार पडला आणि दात वाजायला लागले. फोनला रेंज नाही. वर खिंडीत सगळे जमले असतील, फोटो काढत असतील, हेच डोक्यात. पाच दिवसांत पहिल्यांदा मी पहिला आलो होतो आणि त्या फोटोत मीच नसणार. ताई काही कुकुलं बाळ नाही, रस्त्यावर इतक्या चाकांच्या खुणा आहेत, तिला कळेल, असं मी स्वतःला समजावलं. पटलं नव्हतंच. तरीही सायकलवर टांग मारली.

फोटोत मी अगदी मधोमध आहे.

ताई नियमाप्रमाणे सरळ गेली. नऊ किलोमीटर उतार उतरून एका बंद पडलेल्या दगडाच्या खाणीपाशी रस्ता संपला, तेव्हा तिला कळलं. दुपार टळून गेल्यावर टोळीचे कप्तान मुक्कामाच्या मालकाची जीप घेऊन शोधायला निघाले. सायकलचं दुकान चालवणारा हा माणूस एरवी आवाज चढवत नाही. ताई त्यांना त्याच उतारावर वर येताना भेटली, सायकल ढकलत. मुक्कामाच्या जेवणघरात ती शिरली तेव्हा ओठ पांढरे पडले होते. कुणीतरी तिच्यापुढे सूप ठेवलं.

कप्तानांनी विचारलं, फाट्यावर कोण होतं. मी म्हणालो, मी. शेवटपर्यंत होतास का? दहा जण माझ्याकडे बघत होते. "हो," मी म्हणालो. तोंडातून निघूनच गेलं. हेडमास्तर लगेच म्हणाले, मी स्वतः पाहिलंय याला, वाऱ्यात उभा होता बिचारा. ते खरंच होतं. तेवढ्यावर मी थांबलो असतो तरी चाललं असतं.

"ताई, लक्ष कुठे असतं गं तुझं?" मी सगळ्यांसमोर म्हणालो. "हात केला, हाक मारली, तू सरळ निघून गेलीस. वाटलं, चूक कळली की येशील वळून."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता माझं बिंग फुटणार. पण ती हळूच म्हणाली, "असेल रे. मला कुणी दिसलं नाही खरं." आणि सूप पिऊ लागली. माझा जीव भांड्यात पडला, हेही खोटं बोलत नाही.

थोड्या वेळानं मी मागच्या अंगणात साखळी पुसत होतो, तिथे ती आली. शेजारच्या पायरीवर बसली.

"छोट्या, माझे डोळे परत तपासशील?"

माझं चष्म्याचं दुकान आहे. महिन्यापूर्वीच तिचे डोळे तपासून, तुला मुंगीसुद्धा दिसेल, असं मीच म्हटलं होतं. ते तिलाही आठवत होतं.

"म्हणजे डोळे नाहीत," ती म्हणाली. "आईचं असंच सुरू झालं होतं. बाबा समोर बसलेले असायचे आणि ती विचारायची, हे अजून आले कसे नाहीत. तू हाक मारलीस म्हणतोस, ती पण मला ऐकू आली नाही. परत गेल्यावर डॉक्टरांकडे नेशील मला? मुलांना एवढ्यात नको सांगूस."

आईची शेवटची सहा वर्षं ताईनं काढली होती. अंघोळ घालण्यापासून सगळं. मी रविवारी फळं घेऊन जायचो. साखळी पुसायचं फडकं मी खाली ठेवलं.

"ताई, मी नव्हतो तिथे," मी म्हणालो. "कंटाळून निघून गेलो होतो. हाकबिक काही मारली नाही. तुझं काही चुकलं नाही."

तिचा चेहरा क्षणभर उजळला, मग परत विझला. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"हेडमास्तरांनी पाहिलंय तुला. मला बरं वाटावं म्हणून कशाला रे?"

मी शपथ घेतली. पंचवीस मिनिटं, फोटो, सगळं सांगितलं. ती नुसती मान हलवत होती, लहान मुलाचं ऐकावं तशी. शेवटी तिचा दंड धरून मी तिला जेवणघरात नेलं आणि सगळ्यांसमोर उभा राहिलो. मी पळून गेलो, मी खोटं बोललो, माझ्या बहिणीला सगळं नीट दिसतं आणि नीट ऐकू येतं, असं म्हणालो. आवाज फाटला माझा.

मग हेडमास्तर उठले आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, असा भाऊ मिळायला नशीब लागतं. दोघाचौघांनी माना डोलावल्या. एकाचे तर डोळे भरून आले होते. मी ओरडलो की हे खरं आहे, फोटो बघा, ताईसाठी थांबलो असतो तर मी त्यात कसा असतो. कप्तान म्हणाले, ताई निघून गेल्यावर तू वर आलास, बरोबर आहे. बस आता, जेवून घे.

ताईनं डोळे पुसले.

"कप्तान, उद्यापासून मी गाडीत बसते," ती म्हणाली. "माझ्यापायी याला खोटं बोलावं लागतंय. त्याला सवय नाही."