माझ्या पोटातली दोन सिम

दवाखान्याच्या खिडकीजवळच्या फळीवरून बोलतोय मी. मी राउटर. दोन अँटेना, चार हिरवे दिवे. बाकी नुसता काळा ठोकळा.

गावाबाहेरच्या या दवाखान्यापर्यंत इंटरनेटची तार पोचत नाही, म्हणून डॉक्टरबाईंना सिमवर चालणारा राउटर हवा होता. जोडायचं तरी काय? एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि हृदयाचा आलेख काढणारं मशीन. दुकानदाराने माझे दिमाखदार भाऊबंद पुढे मांडले. बाईंनी एकच विचारलं, "एक सिम बंद पडलं तर?" तेव्हा त्याने मागच्या कप्प्यातून मला काढलं. माझ्यात दोन सिम बसतात. एक रुसलं की दुसरं काम उचलतं. मला त्याचा फार अभिमान होता.

बाई मोबाइल हातात धरून कोपऱ्याकोपऱ्यात फिरल्या. रेंज खिडकीत चांगली मिळाली. सुतारकाकांनी तिथे फळी ठोकली, मला बसवलं आणि म्हणाले, हा आता हलायचा नाही.

सिम आणायचं काम कंपाउंडरभाऊंकडे आलं. माणूस कामसू, पण फॉर्म भरायचा म्हटलं की अंगावर काटा. बाईंच्या मोबाइलचीच कंपनी गाठून त्यांनी दोन्ही सिम एका रांगेत उरकली. मला ते पहिल्याच दिवशी कळलं. पण माझे दिवे हिरवे होते, आणि हिरव्या दिव्याला कोण विचारतं?

वर्षभर सुरळीत चाललं. मग एका सकाळी सुतारकाका छाती धरून आले. आलेख शहरातल्या हृदयतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय बाईंना रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येत नव्हतं, आणि नेमका त्याच सकाळी त्या कंपनीचा टॉवर बंद पडला. मी पहिलं सिम सोडून दुसऱ्याकडे धावलो. तिथेही तोच टॉवर. पुन्हा पहिलं, पुन्हा दुसरं. माझे दिवे लाल झाले. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

बाईंचा फोन मुका, भाऊंचाही. भाऊ आलेखाचा कागद घेऊन रस्त्यावर धावले. दुसऱ्या कंपनीचा मोबाइल असलेला माणूस सापडून आलेखाचा फोटो शहरात पोचेपर्यंत पाऊण तास गेला.

काका वाचले. हृदयाचा एक भाग मात्र कायमचा गेला. रंधा त्यांनी पुन्हा हातात धरला नाही.

महिन्याने ते तपासून घ्यायला आले, तेव्हा कंपाउंडरभाऊ मान खाली घालून म्हणाले, "काका, दोन्ही सिम मी एकाच कंपनीची घेतली होती. आळसाने."

काकांनी फळीकडे बघितलं. "एकाच भेगेत दोन खिळे ठोकलेस रे."

मग त्यांनी फळी हलवून पाहिली. एक स्क्रू सैल होता. सवयीने हात खिशाकडे गेला आणि तसाच मागे आला. "तेवढा आवळ. माझ्याच्यानं आता होणार नाही."

आता माझ्यात दोन वेगळ्या कंपन्यांची सिम आहेत. दर सोमवारी भाऊ एक काढून मला दुसऱ्यावर चालवून बघतात. माझं वय झालंय. उद्या अडगळीत गेलो तरी तक्रार नाही. माझ्या जागी येईल त्याचा वेग बघा, अँटेना बघा. पण दोन वाटा घेतल्यात तर त्या खरंच वेगळ्या आहेत ना, एवढं वेळ येण्याआधी बघा.

स्क्रू भाऊंनी तेव्हाच घट्ट आवळला. तरी काका आले की भाऊ स्वतःच म्हणतात, "काका, एकदा हलवून बघा."