कुलपं कोणी लावली

टेकडीवरच्या किल्ल्यात ती एकोणीस वर्षं गाईडचं काम करत होती. सगळे तिला गाईडबाई म्हणायचे. घरीही चेष्टेत तेच नाव पडलं होतं. पहिली तेरा वर्षं काम सोपं होतं. दिवसाला पंधरावीस माणसं यायची, विहीर किती खोल, भिंती किती जाड एवढं विचारून, कठड्याला टेकून फोटो काढून जायची. मग ती कादंबरी आली.

कादंबरी भुताटकीच्या किल्ल्याची होती आणि किल्ला हाच होता. नाव बदललेलं, पण उत्तरेचा जळका बुरूज तोच, सत्तावन्न पायऱ्यांचा जिना तोच, स्वयंपाकघरातलं काळं धुराडंही तेच. कादंबरीतल्या किल्ल्यात क्षयरोग्यांचा दवाखाना असतो. तिथली लंगडी स्वयंपाकीण रोग्यांना कोंडून आग लावते आणि मेल्यावरही चाव्यांचा जुडगा वाजवत, पाय ओढत जिन्यावर फिरते. तिला अडवताना देखणा, हळव्या मनाचा अधीक्षक जळून मरतो. पुस्तक हातोहात खपलं आणि किल्ल्यावर माणसांची रीघ लागली.

दवाखाना खरंच होता, साठ वर्षांपूर्वी. आगही खरी होती. लंगडी स्वयंपाकीणही खरी होती. ती गाईडबाईच्या आईची थोरली बहीण. या मोठ्या मावशीला गाईडबाईनं फक्त एका फोटोत पाहिलेलं. त्या संध्याकाळी मावशी तीनदा जिना चढली, खोल्या उघडून अकरा रोग्यांना खाली आणलं आणि चौथ्या खेपेला जिना तिच्यासकट कोसळला. आताचा जिना नंतर तसाच पुन्हा बांधलेला. अधीक्षक तेव्हा गावात मेजवानीला गेला होता. पुढे तो तीस वर्षं जगला आणि अंथरुणात सुखानं मेला.

हे सगळं लेखकाला ठाऊक होतं. लिहायच्या आधी तो तीन दिवस गाईडबाईच्या घरी येऊन बसला होता. आईनं त्याला फोटो दाखवला, जेवायला वाढलं, बहीण कशी चालायची ते स्वतः उठून, खोलीभर चालून दाखवलं. तीच चाल त्यानं भुताला दिली.

आईनं पुस्तक वाचलं नाही. शेजारणीनं वाचलं आणि येऊन सांगितलं. तेव्हापासून आई बहिणीचं नाव घेईना. गाईडबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती उतरलीच नाही. पण पोटाचा प्रश्न होता. सहा वर्षं ती मूग गिळून राहिली. व्यवस्थापकांनी दालनात अधीक्षकाचा फोटो सोनेरी चौकटीत लावला, तेव्हा ती गप्प. जिन्याच्या भिंतीत स्पीकर बसवला, माणूस पायरीवर आला की चाव्या खुळखुळायच्या आणि कोणीतरी पाय ओढत यायचं, तेव्हाही गप्प.

मग एका मंगळवारी सकाळी लेखक चाळीस वाचकांना घेऊन किल्ला दाखवायला आला.

"ताई, ओळखलंत का?" त्यानं हसून विचारलं. "आई कशा आहेत?"

"आहे," ती म्हणाली.

दालन झालं, स्वयंपाकघर झालं. लेखक पुढे होऊन बोलत होता आणि ती मागे राहून दारं उघडत होती. जिन्यापाशी त्यानं हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि हळू आवाजात म्हणाला, "आता ऐका. ती इथंच असते."

चाव्या खुळखुळल्या. पाय घासला. पुढच्या दोन मुली एकमेकींना बिलगून खिदळल्या. एका माणसानं तसाच पाय ओढत तीन पायऱ्या चढून दाखवल्या आणि सगळे हसले. लेखकही हसला.

गाईडबाई गर्दीतून वाट काढत भिंतीपाशी गेली. स्पीकरची वायर कोनाड्यातून खाली आली होती. ती तिनं मनगटाला गुंडाळली आणि ओढली. प्लगबरोबर प्लास्टरचा खपलाही निघून आला.

"ती माझी मावशी," ती म्हणाली. "तिनं कोणाला जाळलं नाही. अकरा जणांना बाहेर काढलं आणि बाराव्यासाठी गेली ती गेली. दालनात ज्याच्यासमोर तुम्ही फोटो काढलेत, तो अधीक्षक त्या वेळी मेजवानी झोडत होता. संध्याकाळ झाली की रोग्यांना कुलपात ठेवायचं, हा हुकूम त्याचा. आणि या साहेबांनी सगळं ऐकून, आमच्या घरी जेवून, चोर सोडून संन्याशाला फाशी दिली."

लेखकाचा चेहरा उतरला, पण तो सावरला. "ताई, ती कादंबरी आहे. पहिल्याच पानावर छापलंय, सगळी पात्रं काल्पनिक."

"मग पाय का नाही काल्पनिक केलात? तो बरा जसाच्या तसा उचललात."

"किल्ल्याच्या गोष्टीत भूत लागतंच, ताई. वाचकाला ते हवं असतं. आणि राग मानू नका, पण पुस्तक आलं नसतं तर आज इथं कोण फिरकलं असतं? हे छप्पर शाकारलं गेलं ते कशामुळे?"

हे खोटं नव्हतं, म्हणूनच तिला जास्त झोंबलं. "भूतच हवं होतं तर अधीक्षकाला करायचं होतंत," ती म्हणाली. "त्याला फिरायला कारण तरी होतं."

मागून एका म्हाताऱ्या वाचकानं विचारलं, "म्हणजे कुलपं त्या अधीक्षकानं लावली होती?"

"त्यानंच," ती म्हणाली.

तोवर व्यवस्थापक धावत आले. त्यांनी वायर पाहिली, प्लास्टर पाहिलं आणि फक्त एवढंच म्हणाले, "तुम्ही घरी जा. उद्या बोलू."

घरी आई खिडकीपाशी शिवण उसवत बसली होती. गाईडबाईनं चप्पलही काढली नाही, उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सहा वर्षांचं ओझं एकदाचं उतरल्यासारखं वाटत होतं. आई शाबासकी देईल असंही वाटत होतं.

आईनं हातातलं काम बाजूला ठेवलं. "कुलपं कोणी लावली म्हणालीस?"

"अधीक्षकानं."

"तो कशाला हातानं कुलपं लावतो? माझ्या ताईनं लावली. रोजच लावायची. चाव्या तिच्याकडे होत्या त्या कशासाठी, स्वयंपाकाला? त्या दिवशीही जेवणं झाल्यावर तिनंच लावली आणि भांडी घासायला खाली आली."

गाईडबाई खाली बसली. "हे कधी बोलली नाहीस."

"त्या लेखकाला सांगितलं होतं. म्हटलं, शिकलेला माणूस आहे, नीट समजून लिहील." आईचा आवाज कडवट झाला. "त्यानं ते धरलं आणि पुढचं सोडलं. तू पुढचं धरलंस आणि हे सोडलंस. तिला जशी होती तशी कोणी सांगणार आहे का नाही?"

"मला माहीतच नव्हतं, आई."

"विचारलंस कधी? आपली रागावत राहिलीस."

गाईडबाईला आता आईचाही राग आला, लेखकाचा होताच, आणि सगळ्यात जास्त मावशीचा. रोज संध्याकाळी माणसं कोंडायची आणि भांडी घासायची. हुकूम होता म्हणे. पहिल्यांदाच तिच्या मनात आलं, की पुन्हा पुन्हा वर चढताना मावशीच्या डोक्यात काय चाललं असेल.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांनी तिच्यापुढे दोन कागद ठेवले. एक लेखकाची माफी मागणारा, दुसरा तिकीट खिडकीवर बदलीचा. माफीचा तिनं टराटरा फाडला आणि बदलीचा सही करून परत दिला.

"तुम्ही हट्टी आहात, बाई," ते म्हणाले. "इतकी वर्षं इथं काढलीत आणि एका भुतासाठी हात दाखवून अवलक्षण केलंत."

"भूत तुमचं. माझी मावशी होती."

एका आठवड्यानंतर त्या वाचलेल्या अकरा जणांतल्या एका बाईची नात पत्ता शोधत तिकीट खिडकीशी आली. त्या म्हाताऱ्या वाचकानं तिला ही हकिगत सांगितली होती. तिच्या आजीला शेवटपर्यंत बंद दारात झोप यायची नाही, एवढंच तिला माहीत होतं. गाईडबाईनं तिला सोमवारी यायला सांगितलं. सोमवारी किल्ला बंद असतो, पण फाटकाबाहेरच्या बाकावरून उत्तरेचा बुरूज स्वच्छ दिसतो. पहिल्या सोमवारी तिघेजण जमले. त्यातला एक स्वच्छतागृह विचारायला आला होता, तो तसाच थांबला.

गाईडबाईनं सुरुवात कुलपांपासूनच केली. "कुलपं माझ्या मावशीनं लावली," ती म्हणाली. हुकूम कोणाचा, तो कुठे होता, आग कुठून लागली, तीन खेपा आणि चौथी, सगळं क्रमानं सांगितलं. सांगताना तिला पुन्हा तितकाच राग आला आणि तिनं तो लपवला नाही.

"मग त्यांना चांगलं म्हणायचं की वाईट?" स्वच्छतागृहवाल्यानं विचारलं.

"मला काय माहीत?" ती फटकन म्हणाली. "माझ्या आईला विचारा. पुढच्या सोमवारी येणार आहे ती."