आरशात बघावं तसं

मुलाला आई-बापाइतकं जगात कुणी ओळखत नाही. म्हणूनच शाळेने पाठवलेल्या प्रश्नावलीतल्या पहिल्याच प्रश्नावरून, 'मूल बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघतं का?', ठकीच्या आई-बाबांमध्ये अबोला झाला.

ठकी तिसरीत होती. चित्रकलेचा तास रद्द झाला की ती बाकाखाली जाऊन बसायची आणि कुणाच्या बापाला ऐकायची नाही. तिच्या बाई म्हणाल्या होत्या, "ऑटिझमची लक्षणं आहेत का, एवढंच बघायचंय. ही नुसती चाळणी आहे, निदान नव्हे. काही निघालं तर वर्गात तिच्यासाठी मदतनीस मागता येईल."

"चाळणीत वर राहतं त्याचं काय करतात, ठाऊक आहे मला," बाबा घरी म्हणाले. "फेकतात."

"चाळलंयत कधी काही आयुष्यात?" आईने विचारलं. अबोला सुटला तो असा.

बाबा मोटार ड्रायव्हिंग शिकवत. त्यांच्या हाताखालचा माणूस लायसन्सच्या परीक्षेत सहसा नापास होत नसे. पुढे रस्त्यावर तो काय दिवे लावतो, हा त्याचा प्रश्न. त्यांनी प्रश्नावली स्वतःच्या हाताने भरली आणि पुढच्या तपासणीसाठी ठकीला शिकवायला घेतलं. स्वयंपाकघरात समोरासमोर दोन खुर्च्या मांडल्या.

"टक लावून बघायचं नाही. गाडीच्या आरशात बघतो तसं. एक नजर, परत समोर. थोड्या वेळाने पुन्हा एक नजर."

"कशाला?"

"मागून काय येतंय ते कळायला."

ठकीला हे पटलं. डोळ्यांत बघण्याचं इतकं सबळ कारण तिला आजवर कुणी दिलं नव्हतं.

तपासणीच्या खोलीत एक बुटकं टेबल, लाकडी ठोकळे आणि एक तरुण मानसशास्त्रज्ञ बाई होत्या. आई-बाबांना भिंतीलगत बसवलं होतं. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. बाबांचा पाय तो फरशीवर शोधत होता.

"शाळेत कुणाशी खेळतेस?"

एक नजर. "मैत्रिणींशी." मग हसू. बाबांनी श्वास सोडला.

"काय खेळता?"

हा प्रश्न तयारीत नव्हता. ठकीने एक ठोकळा उलटा केला, सुलटा केला. आईने पदर बोटाला गुंडाळला.

"लपाछपी," ठकी म्हणाली.

"अरे वा. कोण जिंकतं?"

"मी. मला शोधायला कुणी येतच नाही."

बाई लिहिता लिहिता थांबल्या. "छान बघतेस गं माझ्याकडे. कुणी शिकवलं?"

"बाबांनी. मागून काय येतंय ते कळतं."

बाईंनी मान वळवून भिंतीकडे पाहिलं. भिंतीकडे म्हणजे बाबांकडेच. भिंतीचा आणि त्यांचा रंग तोवर एकच झाला होता, पांढरा.

"तुमच्या उत्तरांप्रमाणे हिला कसलाच त्रास नाही. शाळेची उत्तरं बरोबर उलटी आहेत. मी काय धरून चालू?"

"घरी ती अगदी—" बाबा म्हणाले.

"पलंगाखाली बसते," आई म्हणाली. "पाहुणे अचानक आले की. ताट आम्ही तिथेच सरकवतो. उत्तरं यांनी लिहिली, पण शेजारी मी बसले होते. गप्प."

बाबा आता चिडणार, म्हणून आई त्यांच्याकडे न बघता बसली. ते ठकीकडे बघत होते. ती ठोकळे ओळीने लावत होती.

"कुणी शोधायलाच येत नाही म्हणाली," बाबा हळूच म्हणाले. "खोडा सगळं. आईचं लिहा. मदतनीस मिळेल ना पण?"

"चाळणीत लक्षणं दिसताहेत, पण आधी पक्कं निदान लागतं. मोठ्या दवाखान्यात नाव पाठवते. त्यांचा कागद आला की मदतनीस."

"कधी?"

बाई बराच वेळ संगणकावर दवाखान्याच्या यादीची पानं खाली सरकवत राहिल्या.

"आत्ता तिसरीत ना ही?"

"हो."

"पाचवीत नंबर लागेल."