बगळे आधी की झाड

कल्हईच्या नवसागराच्या पांढऱ्या धुराचा वास आला की मला अजून दस्तगीर दिसतो. आधी धूर दिसतो, मग धुरातून सावकाश बाहेर येणारा त्याचा हात, आणि त्या हातातल्या कापसाच्या बोळ्याखाली, काळवंडलेल्या पितळी पातेल्याच्या पोटात, एकाएकी उगवणारं रुपेरी ऊन. आमच्या गल्लीच्या तोंडाला चिंचेखाली त्याची भट्टी असे. भात्याच्या सुस्काऱ्यासरशी निखारे फुलत, मंदावत, पुन्हा फुलत. तापल्या भांड्यात कथील पडलं की त्याचे थेंब सैरावैरा पळत सुटत. मग एक थेंब दुसऱ्याच्या जवळ येई, मध्ये केसाएवढं अंतर उरे, दोघेही क्षणभर थरथरत, आणि बघता बघता त्यांचा एक थेंब होई. जन्मभर कल्हई केलेला हा माणूस, पण ते बघून दर वेळी असा हसे, जणू ही गोष्ट जगात आजच पहिल्यांदा घडली.

त्याच्या त्या हसण्याचा मला फार वैताग. वैताग तसा त्याच्या पुष्कळ गोष्टींचा. पण गेल्या दोन-चार वर्षांत त्याने जो दिला त्याला तोड नाही. मी चौथी शिकलेला, तो तेवढाही नाही. घराघरांत स्टीलची भांडी आली, कल्हईचा धंदा बसला, भाता खुंटीला लागला, आणि रिकाम्या झालेल्या त्या हातात कुणीतरी मोबाईल दिला. मोबाईलमधून कुणी एक हिंदीत बोलणारा माणूस त्याला विश्वाच्या बाळपणाच्या गोष्टी सांगू लागला. तेव्हापासून माझ्या संध्याकाळी माझ्या राहिल्या नाहीत.

कोल्हापूरजवळ कळंब्याच्या तलावाच्या बांधावर एक लांबट दगड आहे, दोघांना पुरेल एवढा. तिथे बसलं, की पाण्यावर उतरत्या उन्हाचं सोनं पसरायला आणि याचं तोंड सुटायला एकच गाठ पडे. सुरुवातीला म्हणे सगळीकडे सारखंच होतं. तप्त, दाट, एकजीव, ना काठ ना मध्य. पण अगदी सारखंही नव्हतं. कुठे रतीभर जास्त, कुठे रतीभर कमी. जिथे रतीभर जास्त, तिकडे आजूबाजूचं ओढलं जाऊ लागलं. ओढलं गेलं म्हणून भार वाढला, आणि भार वाढला म्हणून आणखी ओढलं गेलं. असे अंधारात, डोळ्याला न दिसणारे धागे झाले, धाग्यांवर तारे पेटले, ताऱ्यांच्या आकाशगंगा झाल्या, आणि धाग्याला धागा जिथे मिळतो तिथे आकाशगंगांचे थवेच्या थवे उतरू लागले. एवढं सांगून तो मोबाईल माझ्या नाकाला लावी. काळ्या पडद्यावर पाच-सहा लालसर ठिपके, थंडीत शेकोटीला जवळ सरकलेल्या माणसांसारखे. हा म्हणे अगदी पहिल्या जमावांतला एक. उजेड तिथून निघाला तेव्हा पृथ्वीसुद्धा नव्हती.

मी त्याला तोंडावर सांगितलं, हे सगळं उलटं आहे. माझं आयुष्य फौंड्रीत साच्यांमध्ये लोखंडाचा रस ओतण्यात गेलं. भट्टीत रस एक असतो; मग तो वेगवेगळ्या साच्यांत जातो, थिजतो, आणि त्याचे नग होतात. आधी मोठं, मग त्याचे तुकडे, हाच कायदा. आम्ही चार भाऊ एका चुलीवर जेवत होतो. आज चार चुली आहेत, चार दारं, आणि सणाला एकमेकांच्या दारावरून खाली मान घालून जाणारी आठ पावलं. आभाळात तरी वेगळं काय होणार? आधी एक अवाढव्य ढीग असेल, तो फुटला असेल, आणि फुटून या आकाशगंगा झाल्या असतील.

"फुटायला आधी जमावं लागतं की, मर्दा," दस्तगीर म्हणाला, आणि कथलाकडे बघून हसायचा तसा माझ्याकडे बघून हसला.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, त्याच्यापुरतं. त्याचे आजे-पणजे कुणी मुरगुडाकडून आले, कुणी सीमेपलीकडून, डोक्यावर भाते घेऊन, एकेकटे. आणि या गल्लीत एकाला एक लागून त्यांची वस्ती झाली. ज्याने जमताना पाहिलं तो जमण्याचं सांगणार, ज्याने फुटताना पाहिलं तो फुटण्याचं. हे मला कळत नव्हतं असं नाही. पण कळलं म्हणून माणसाने वाद सोडायचा, हे कुठल्या शाळेत शिकवतात ठाऊक नाही. चौथीपर्यंत तरी शिकवलेलं नाही.

तलावात एक वठलेली बाभूळ उभी आहे. दिवस कलला की तिच्यावर बगळे येतात. दोन येतात, मग तीन, मग एखादा एकटाच, संथ पंखांनी संध्याकाळ कापत. दस्तगीर बोट करून म्हणे, बघ, जमायला लागले. मी म्हणे, सकाळी याच झाडावरून सगळे मिळून उडाले होते, ते नाही दिसलं तुला? मग शेजारून फिरायला निघालेली माणसं आमच्याकडे वळून बघत, कारण कोल्हापुरात दोन म्हातारे हळू आवाजात भांडले असं अजून कुणी ऐकलेलं नाही.

अशातच त्याच्या लेकीचा निरोप आला. बायको गेल्यापासून तो एकटाच होता, चहाचा कप बशीत किणकिणल्याशिवाय टेकत नव्हता. लेक गडहिंग्लजला दिलेली. म्हणाली, अब्बा, आता इकडे या. राहा असं मी त्याला म्हटलं नाही. असलं बोलायची आमच्या घराण्यात रीत नाही. तोच एका संध्याकाळी दगडावर बसता बसता म्हणाला, "तू मला पटवून दे. मोठं आधी, बारकं मागनं. पटलं की मी जात न्हाय."

मग काय, मी जिवाचं रान केलं. उसाच्या गाड्या रस्त्याला लागल्यापासून ते तलावाचं पाणी आटून कडेचा चिखल तडकेपर्यंत मी त्याला फाटाफूट समजावून सांगत होतो: फुटलेली घरं, फुटलेल्या तालमी, फुटलेली दोस्ती. घसा बसला. तो ऐके, मान डोलावी, आणि शेवटी तेच म्हणे: न्हाय पटत. आणि बोलता बोलता एक दिवस माझ्या ध्यानात आलं, की या माणसाने मला कसल्या कोंडीत धरलंय. मी जिंकलो, तर जगात सगळं शेवटी फुटतंच हे मीच शाबीत केलं. मग दोन म्हाताऱ्यांनी तरी एका दगडावर कशाला बसायचं? आणि हरलो, तर तो चालला. असला डाव टाकणाऱ्या माणसाला काय म्हणावं?

शेवटच्या संध्याकाळी आम्ही दगडावर येऊन बसलो. बगळे येऊन बसले, पाण्यावरचं तांबडं ओसरलं, आणि काळोख तळातून वर चढावा तसा बाभळीवर चढत गेला. आधी खोड बुडालं, मग फांद्या. उरले नुसते बगळे. अंधारात टांगल्यासारखे, पांढरे, निश्चल.

"झाड दिसतंय का?" त्याने विचारलं.

"न्हाय."

"मग बगळं कशावर बसल्यात?" आणि मी काही बोलायच्या आत, अगदी हळू, "आभाळातबी तसंच हाय गड्या. जे दिसत न्हाय ते आधी जमलं. उजेड मागनं येऊन त्याच्यावर बसला."

मी हरलो नव्हतो, हे इथेच सांगून ठेवतो. पण तोंडातून भलतंच काहीतरी निघून गेलं. म्हटलं, "तितं हे असलं ऐकून घ्यायला कोण हाय तुला?"

"कोण न्हाय," तो म्हणाला. काळोखात त्याचं हसू दिसलं नाही, पण होतं.

दुसऱ्या दिवशी जावयाची जीप आली आणि तो गेला. जाताना मला न विचारता भाता माझ्या पडवीत टाकून गेला. येता-जाता कुणाचा पाय लागला की तो एक दीर्घ सुस्कारा सोडतो आणि मी उगीच दाराकडे बघतो. सुरुवातीला रोज दिवेलागणीला त्याचा फोन येई. ख्यालीखुशाली नाही, ‘जेवलास का’ नाही, एकच प्रश्न, "बगळं आलं का?" मी म्हणे, यायला लागलेत. तो म्हणे, मग बघ की. अलीकडे त्याला ऐकू येईनासं झालंय. फोन येतो कधीतरी, तो प्रश्न विचारतो, मी ओरडून उत्तर देतो, आणि ते उत्तर डोंगरांपलीकडे गडहिंग्लजला पोचतं की नाही, कळायला मार्ग नाही.

मी मात्र रोज जातो. दगडाच्या अर्ध्या भागावर बसतो. परवा एकजण आला, तरुण, चांगल्या घरातला दिसत होता; अदबीने म्हणाला, "पावणं, इथं कोण बसलंय का?"

"व्हय," मी म्हटलं. "बसलाय की."

त्याने मोकळ्या दगडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुढे गेला. तोवर बाभूळ बुडाली होती आणि बगळे जिथल्या तिथे होते. काळ माणसाला उचलून नेतो, आठवणीचेही एकेक काठ गिळत जातो. आणि तरी मी रोज त्या दगडावर बसून मोठ्याने सांगतो की आधी मोठंच होतं, बारकं मागनं, कारण एवढं तरी कुणी चुकीचं म्हणत राहिल्याशिवाय दस्तगीरला परत येऊन मला खोटं पाडायला कारण काय उरणार?