चाकाची नवी चकती

धाकटी जाऊ मातीची भांडी घडवायची. तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत तिचं विजेवर फिरणारं चाक होतं. त्या चाकाची घरघर वरच्या मजल्यावर राहणाऱ्या थोरल्या जावेच्या इतकी अंगवळणी पडली होती, की एका दुपारी ती मध्येच थांबली तशी थोरली हातातलं काम टाकून खाली आली.

"काय झालं गं?"

धाकटी स्टुलावर नुसतीच बसली होती. हात कोपरापर्यंत मातीने माखलेले. चाकावरची चकती, जिच्यावर मातीचा गोळा बसतो ती, आरपार तडकून दोन तुकडे होऊन पडली होती.

"गेलं, ताई," ती म्हणाली. "हे चाक बनवणारेच आता उरले नाहीत. नवी चकती कुठून आणायची?"

थोरलीचे दीर, म्हणजे धाकटीचे यजमान, ते दोन तुकडे पिशवीत घालून लेथवाल्याकडे गेले. लेथवाला रजेवर होता आणि कधी येणार ते त्याच्या शेजाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. रिकाम्या हाताने कसं परतायचं म्हणून दीर वाटेत भंगाराच्या दुकानात शिरले आणि कुठल्याशा मोडीत निघालेल्या यंत्राची अ‍ॅल्युमिनियमची पाटी घेऊन आले. चौकोनी, ताटापेक्षा मोठी आणि अंगठ्याएवढी जाड. त्यांनी ती टेबलावर ठेवली तेव्हा टेबलावरचे पेले हलले.

"आणली खरी," ते म्हणाले, "पण ही घरी कापायची म्हणजे खायचं काम नाही."

थोरलीने मात्र पाटीवरून हात फिरवला, कडेला नख मारून पाहिलं आणि म्हणाली, "माझ्याकडे करवत आहे."

दिरांनी छताकडे पाहिलं. थोरलीची हत्यारं हा घरातला चेष्टेचा विषय होता. सारा जन्म तिने हाडांच्या इस्पितळात, ऑपरेशन थिएटरमध्ये, सिस्टर म्हणून काढला. निवृत्त झाल्यावर बायका सहलीला जातात. हिने ड्रिल घेतलं, विजेवरची छोटी करवत घेतली, बाकाला वस्तू आवळून धरणारा शिकंजा बसवला. मग एक पुस्तकांचं कपाट केलं. ते जरा कलतं झालं आणि तेव्हापासून घरात तिचं नाव मिस्त्री पडलं.

"मिस्त्री वहिनी, हे लाकूड नव्हे."

"माहीत आहे, भाऊजी. तुम्ही पाटी उचलून गॅरेजमध्ये तर आणा."

पाटी बाकावर घट्ट आवळली. तिच्यावर जुन्या चकतीचे तुकडे जुळवून धाकटीने त्यांच्याभोवती गोल आखला. थोरलीने सगळ्यांना चष्मे लावायला लावले, धाकटीचे केस बांधायला लावले आणि करवतीचं बटण दाबलं.

अशी काही किंचाळली ती करवत! दिरांनी कानांवर हात ठेवले. पातं दोन बोटं आत गेलं, जळका वास आला, करवत अडखळली आणि कट्‌कन आवाज झाला. पात्याचा अर्धा तुकडा पाटीतच अडकून राहिला.

"मी म्हटलं नव्हतं?" दीर म्हणाले.

"जाऊ दे, ताई," धाकटी हळूच म्हणाली. "उगाच तुम्हाला काही लागायचं."

थोरलीला ते 'जाऊ दे' झोंबलं. उरलेलं पातं काढून तिने खिडकीच्या उजेडात धरलं. दातांमधल्या खाचा दिसतच नव्हत्या. अ‍ॅल्युमिनियम वितळून त्यांत लिंपलं गेलं होतं, चमच्याला गूळ चिकटावा तसं. कापायला धार उरलीच नव्हती. पातं नुसतं घासत होतं आणि तापत होतं. तापतंय! तिच्या डोळ्यांपुढे थिएटरमधलं टेबल उभं राहिलं.

"अगं, मी पण किती वेंधळी!" ती एकदम म्हणाली. "हाड कापताना डॉक्टर करवत कोरडी कधी चालवत नाहीत. बाजूला एक माणूस सतत सलाइनची धार सोडत उभा असतो. नाहीतर हाड भाजून निघतं. कितीतरी वर्षं तो माणूस मीच होते!"

"आता हिला सलाइन लावायचं?" दिरांनी पाटीकडे बोट दाखवलं.

"रॉकेल लावायचं. आणि ते तुम्ही सोडायचं."

ती वर जाऊन जाडी सिरिंज घेऊन आली. सुई काढून टाकली, सिरिंजमध्ये रॉकेल भरलं आणि दिरांच्या हातात दिली. नवं पातं निवडताना मुद्दाम मोठ्या, विरळ दातांचं घेतलं, म्हणजे कीस बाहेर पडायला जागा राहील. त्यावर मेणबत्तीही घासली. करवतीचा वेगही अगदी कमी केला.

"गोल कापायच्या मागे लागायचं नाही," ती म्हणाली. "एवढ्या जाडीत पातं वळणार नाही. आधी चार कोपरे उडवू, मग कोपऱ्यांचे कोपरे. तयार? भाऊजी, धार!"

या वेळी करवत किंचाळली नाही. घसा साफ केल्यासारखा भरड आवाज आला आणि पात्याखालून चंदेरी कीस भुरभुरायला लागला. पातं मुंगीच्या पावलाने पुढे सरकत होतं, पण सरकत होतं.

"धार! ... पूस. ... भाऊजी, नळ उघडा ठेवल्यासारखं नको, थेंब थेंब."

"हो, सिस्टर."

"कीस फुंकायचा नाही, ब्रशने झाडायचा. डोळ्यात जाईल."

"हो, सिस्टर!" या वेळी धाकटी म्हणाली, आणि तिला स्वतःलाच हसू फुटलं. चकती तुटल्यापासून पहिल्यांदाच.

पहिला कोपरा ठण्‌कन जमिनीवर पडला. दिरांनी तो उचलायला हात घातला, "आई गं, गरम आहे!" म्हणून टाकला आणि मग फडक्यात गुंडाळून, जावयाला बघावं तशा कौतुकाने तो न्याहाळत बसले. दुसरा कोपरा कापायच्या आधी त्यांनी आपणहून सिरिंज भरून ठेवली होती. सूर्य कलेपर्यंत करवत चालली, मध्ये मध्ये ती गार होईपर्यंत तिघं बाकाशेजारी बसून चहा प्यायली. शेवटी हाती आलं ते काही गोल नव्हतं. पण लांबून आणि डोळे किलकिले करून पाहिलं तर गोल वाटावं, इतपत झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोकं पाडायची होती. जुन्या तुकड्यांवरून खुणा केल्या, आधी बारीक ड्रिल, मग जाड. रॉकेलची धार होतीच. पण एका भोकाला ड्रिल जरासं सरकलं. बोल्ट बसावा म्हणून ते भोक कानशीने मोठं करावं लागलं. चकती चाकावर बसली, धाकटीने पायाखालचं पेडल दाबून चाक हळू सुरू केलं आणि थोरलीचा चेहराच उतरला. चकती फेंगडी फिरत होती. एका बाजूला बोटभर बाहेर, दुसऱ्या बाजूला आत.

"सगळं मातीमोल केलं मी," ती म्हणाली आणि चष्मा काढून मटकन खाली बसली.

धाकटी मात्र चकतीकडे टक लावून पाहत होती. "ताई, मी गोळा टाकते तेव्हा तो मध्यावर थोडाच बसतो? तो असाच डगडगतो. मी फक्त हात एका जागी घट्ट धरते. बाकीचं चाक करतं."

"मग?"

"मग हात नको, कानस धरू. जे बाहेर येईल ते घासलं जाईल."

थोरली ताडकन उठली. "चष्मे लावा!"

चाकाच्या कडेला जाड लाकडी ठोकळा आवळून त्यावर कानस टेकवली. थोरलीने ती दोन्ही हातांनी धरली, कोपर कमरेला टेकवून, आणि धाकटीने चाक सावकाश फिरवायला घेतलं. खट... खट... खट... एकेक कोपरा कानशीवर आपटत होता. हात झिणझिणले, खांदे भरून आले. थोरली थकली की धाकटी धरायची आणि थोरली पेडल सांभाळायची. खटखट जवळ जवळ येत गेली, मग तिची खरखर झाली, खरखरीची सुरसुर झाली, आणि मग एका क्षणी कानस पूर्ण फेरीत कुठेच उडाली नाही.

"थांब," थोरली कुजबुजली. "नाही, थांबू नकोस. फिरव."

चकती फिरत होती आणि फिरतेय हे कळतही नव्हतं. कडेला फक्त उजेडाची एक रेघ स्थिर उभी होती. दीर जवळ येऊन वाकले. मग ते जोरजोरात टाळ्याच वाजवायला लागले. धाकटीने थोरलीला मिठी मारली. दोघींच्या केसांत, भुवयांत, कपड्यांवर चंदेरी कीस चमकत होता.

कडा घासून, चकती धुऊनपुसून झाल्यावर धाकटीने मातीचा गोळा मळला आणि स्टूल पुढे सरकवलं.

"बसा, ताई."

"मी? अगं, मला कुठे येतं!"

"बसा म्हणते ना."

थोरली बसली. धाकटीने मागून तिचे हात धरून गोळ्यावर ठेवले. माती गार होती आणि आज्ञाधारक मुळीच नव्हती. गोळा वर चढला, वाकला, एखाद्या पेंगणाऱ्या माणसासारखा कलला आणि चिखल उडवत थोरलीच्या मांडीवर बसला. ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पुसायला गेली तर गालभर माती.

"दुसरा दे," ती म्हणाली.

धाकटी गोळा मळायला लागलीच होती.